जुनी व्होल्वो एक्ससी६० घेताना इंजिनाच्या आधी काय तपासावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले कुटुंब, चार वर्षांची मुलगी, घरात सत्तरीच्या आई, बजेट साधारण १२ लाख. समोर दोन पर्याय आहेत: २०१५ ची सेकंडहँड व्होल्वो एक्ससी६० डी५, नाहीतर त्याच पैशात नवी छोटी एसयूव्ही. विचारणाऱ्यांचे म्हणणे, "व्होल्वो सर्वांत सुरक्षित असे ऐकत आलोय. इतक्या वर्षांनंतरही ती तेवढीच सुरक्षित राहते का? आणि सांभाळणे झेपेल का?"

यात खर्चाचा मुद्दा आहेच, पण त्याआधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो. कारखान्यातून निघताना या गाडीत जी सुरक्षा होती, त्यातली आज या एका गाडीत किती शिल्लक आहे? व्होल्वोची सुरक्षा म्हणजे नुसता जाड पत्रा नाही. त्यातले बरेच भाग एकदाच वापरायचे असतात. अपघातात ते आपले काम करतात आणि तिथेच संपतात. ते नीट बदलले गेले असतील तर गाडी उत्तम. वरवर रंग मारून उभी केली असेल, तर तुम्ही नावाचे पैसे मोजताय.

सरसकट हो किंवा नाही मला सांगता येणार नाही. गाडीचा अपघात झाला होता का, तुमचे रोजचे चालवणे किती आणि कुठे, आणि व्होल्वोचे 'विडा' हे निदानाचे सॉफ्टवेअर वापरता येणारे गॅरेज तुमच्या हाताशी आहे का, या तिन्हींवर उत्तर ठरते. मात्र तपासायचा क्रम ठरलेला आहे, आणि तो समजायला कंपनीचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा.

आधी एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे व्होल्वो म्हटले की मुंबई-पुणे शिवनेरी डोळ्यांपुढे येते. बस-ट्रक बनवणारी व्होल्वो आणि कार बनवणारी व्होल्वो या १९९९ पासून वेगळ्या कंपन्या आहेत. कारचा भाग त्या वर्षी फोर्डने घेतला आणि २०१० मध्ये चीनच्या जीलीने. त्यामुळे बसच्या सर्व्हिसचे जाळे, सुटे भाग किंवा टिकाऊपणा यावरून कारबद्दल काही अंदाज बांधू नका. तुमची एक्ससी६० पहिल्या पिढीची, म्हणजे फोर्डच्या काळात घडलेल्या प्लॅटफॉर्मवरची आहे. तोच प्लॅटफॉर्म लँड रोव्हर फ्रीलँडर २ ला होता. याचा व्यवहारात उपयोग होतो: फ्रीलँडर २ चा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद देणारे हॅल्डेक्स कपलिंग ज्या मेकॅनिकने हाताळले आहे, त्याला तुमच्या गाडीचा हा भाग परका नसतो.

कंपनीची पहिली गाडी १४ एप्रिल १९२७ ला गोथेनबर्गमध्ये तयार झाली. पण आपल्या कामाचा इतिहास सुरू होतो १९५८ मध्ये. त्या वर्षी नील्स बोलिन हे इंजिनिअर साब कंपनीतून व्होल्वोत आले. साबमध्ये ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करत होते. वर्षभरात त्यांनी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आखला, आणि ऑगस्ट १९५९ मध्ये तो पट्टा बसवलेली पीव्ही५४४ ग्राहकांसाठी बाहेर पडली. पेटंट घेतले, पण इतर कंपन्यांना ते वापरू दिले. १९६७ मध्ये व्होल्वोने स्वीडनमधल्या २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला. पट्टा लावलेल्यांपैकी कुणीही ताशी सुमारे ९५ किलोमीटरच्या खालच्या अपघातात दगावले नव्हते. पट्टा न लावलेले मात्र अगदी कमी वेगालाही दगावले होते.

म्हणून गाडी बघायला गेलात की बॉनेट उघडण्याआधी पट्टे बघा. पाचही पट्टे शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. कडा उसवलेल्या, बकलच्या वरच्या भागात पट्टा चकचकीत झालेला किंवा लाटांसारखा सुरकुतलेला दिसला, तर त्या पट्ट्याने एखाद्या धडकेत माणसाचे वजन पेललेले असू शकते. पट्ट्याच्या खालच्या टोकाला शिवलेल्या लेबलवर उत्पादनाची तारीख असते. गाडी २०१५ ची आणि एकाच पट्ट्याची तारीख २०१९ ची असेल, तर तो का बदलला हे विचारायलाच हवे. बदललेला पट्टा वाईट नसतो. लपवलेला अपघात वाईट असतो.

पट्ट्यांबाबत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. जुलै २०२० मध्ये व्होल्वोने जगभरातल्या सुमारे २१ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. पुढच्या सीटच्या पट्ट्याला जोडलेली पोलादी तार वर्षानुवर्षांच्या वापराने कमकुवत होऊ शकते, असे त्याचे कारण. पहिल्या पिढीची एक्ससी६० त्या यादीत होती. अधिकृत डीलरकडे चेसिस नंबर देऊन ते काम झाले आहे का हे लेखी विचारा. तुम्ही नवी पिढी, म्हणजे दोन लिटरची चार सिलिंडर डिझेल बघणार असाल, तर जुलै २०१९ चा रिकॉलही विचारा. त्यात प्लॅस्टिकचे इनटेक मॅनिफोल्ड वितळण्याचा धोका होता आणि अगदी टोकाच्या प्रसंगी आगीचाही.

पट्ट्यानंतर सीट. १९९८ मध्ये व्होल्वोने 'व्हिप्स' आणले. मागून धडक बसली की पुढच्या सीटची पाठ माणसासकट थोडी मागे सरकते आणि मानेला बसणारा झटका कमी होतो. ती ऊर्जा शोषण्यासाठी सीटच्या सांध्यात एक धातूचा भाग मुद्दाम वाकतो. वाकला की त्याचे काम झाले, तो बदलावाच लागतो. शहरात मागून ठोकलेल्या गाडीचा बंपर बदलतात, डिकीचा पत्रा सरळ करतात, पण सीटकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. दोन्ही पुढच्या सीट एकाच कोनात लावून शेजारी शेजारी बघा. एखादी जास्त रेललेली किंवा सांध्यात डुगडुगणारी वाटली, तर वर्कशॉपमध्ये कव्हर काढून तपासून घ्या. रोजच्या वापरात एक पथ्य पाळा: पुढच्या सीटची पाठ आणि मागची सीट यांच्यामध्ये बॅगा किंवा खोकी घट्ट कोंबू नका. पाठ मागे सरकायला जागाच राहत नाही.

बाजूच्या धडकेपासून संरक्षण देणारी रचना १९९१ ची, आणि बाजूची एअरबॅग १९९४ मध्ये ८५० मॉडेलमध्ये आली. ही एअरबॅग सीटच्या पाठीत असते आणि शिवण उसवून दाराच्या बाजूला फुगते. आपल्याकडे गाडी घेतली की पहिले काम म्हणजे सीट कव्हर. बाजारातले घट्ट कव्हर ही शिवण झाकते आणि एअरबॅग वेळेत, योग्य दिशेने बाहेर येईलच याची खात्री राहत नाही. बघायला गेलेल्या गाडीत कव्हर असेल तर ते काढायला लावा. खालच्या मूळ लेदरची शिवण कारखान्याची आहे की पुन्हा मारलेली, तेही कळते. पुढचा लोखंडी गार्डही काढून टाका. त्यावर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले आहेत, आणि धडक सेन्सरपर्यंत कशी पोहोचावी हे गणित त्याने बिघडते.

एअरबॅगचा दिवा कसा तपासायचा? इग्निशन चालू केल्यावर तो आधी लागला पाहिजे आणि साधारण सहा सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर काहीतरी गडबड आहे. पण विझला म्हणून निर्धास्त होऊ नका. फुटलेल्या एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून सिस्टीमला फसवणारे लोक आहेत. म्हणून डॅशबोर्डचा पृष्ठभाग, स्टिअरिंगच्या मधल्या भागाचा पोत आणि छताच्या अस्तराच्या पिलरजवळच्या (छत पेलणाऱ्या खांबांजवळच्या) कडा हाताने चाचपून बघा, आणि विडावर एअरबॅग कंट्रोल युनिटमधले कोड वाचून घ्या.

आता सांगाडा. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. २००२ च्या एक्ससी९० पासून व्होल्वोने बोरॉन पोलादाचा वापर वाढवला. हा पत्रा साधारण ९०० अंशांना तापवून साच्यातच दाबतात आणि तिथेच झटकन थंड करतात, त्यातून त्याला ताकद येते. दारांमधल्या पिलरच्या आतल्या मजबुतीकरणात तो असतो. लोहाराने पाणी दिलेला विळा पुन्हा विस्तवात धरला तर त्याची धार राहत नाही, तसेच याचे होते. डेंटिंगवाल्याने गॅसची ज्योत लावली की तेवढा भाग मऊ पडतो. बाहेरून काही दिसत नाही, पुढच्या धडकेत तो पिलर तिथेच दुमडतो. या पत्र्याला तापवणे, ओढून सरळ करणे किंवा मनाला येईल तिथे कापून जोडणे, काहीच चालत नाही. ठरवून दिलेल्या जागीच जुना भाग काढून नवा बसवावा लागतो, आणि त्याचे स्पॉट वेल्ड काढायला साधे ड्रिल बिटही पुरत नाही.

रंगाची जाडी मोजणारे मीटर सोबत न्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २५० च्या वर गेले की पुन्हा रंगवलेले समजा, ५०० च्या पुढे बहुतेक खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. पुढचा फेंडर, बंपर, दार रंगवलेले असेल तर मी फारसे मनावर घेत नाही. आपल्या रस्त्यांवर ओरखडे येणारच. पण पुढचा पिलर, मधला पिलर, दाराखालची पट्टी किंवा छताची कड यांवर आकडा वाढला, तर गाडी तिथेच सोडा. दाराचे रबर ओढून आतल्या कडेवरचे गोल स्पॉट वेल्डही बघा. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे असले पाहिजेत. विमा कंपनीची क्लेम हिस्ट्री मागा.

पुढची काचही याच हिशेबात धरा. ताशी ३० किलोमीटरपर्यंत आपोआप ब्रेक लावणारी 'सिटी सेफ्टी' २००८ मध्ये याच एक्ससी६० मधून आली. पुढे ती ५० पर्यंत गेली. तिचा लेझर सेन्सर आरशाजवळ काचेमागे बसवलेला असतो. एक्सप्रेस-वेवर खडी उडून तिथे टवका उडाला किंवा बाहेरची कमी प्रतीची काच बसवली, तर यंत्रणा बंद पडते किंवा चुकते. काच बदलली असेल तर कोणत्या कंपनीची बसवली आणि सेन्सरचे काम कुठे केले, त्याचे बिल मागा. हा लेझर मुख्यतः पुढची कार ओळखतो. दुचाकी, पादचारी, गायी-म्हशी यांच्यासाठी तो नाही, त्यामुळे लक्ष्मी रोडवर त्याच्या भरवशावर राहू नका. परदेशी व्हिडिओत दिसणारी रडारवर चालणारी फीचर्स तुमच्या गाडीत असतील असेही धरू नका. भारतात रडारच्या परवानगीमुळे ती उशिरा, २०१७ च्या शेवटी आलेल्या दुसऱ्या पिढीबरोबर आली.

इथपर्यंत सगळे ठीक निघाले तरच इंजिनाकडे वळा. २.४ लिटर, पाच सिलिंडरचे डी५ हे व्होल्वोचे स्वतःचे इंजिन, आणि माझ्या मते गाडीतला सर्वांत भरवशाचा भाग. त्याला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा रबरी बेल्ट, आहे. विकणारा म्हणेल, "फक्त ८० हजार चाललीय, अजून वेळ आहे." रबर किलोमीटरने झिजते तसे वयानेही कडक होते. दहा वर्षे झाली की रीडिंग काहीही असो, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकदम बदला. बाहेरचा ऑक्झिलरी बेल्ट आणि त्याचा टेन्शनर यात विसरू नका. या इंजिनात तो बेल्ट चिरला की त्याचे धागे क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले जातात, टायमिंग बेल्ट सरकतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. काही हजारांच्या बेल्टपायी हेडचे काम निघते.

ऑइल एसीईए ए५/बी५ दर्जाचे, ०डब्ल्यू-३०, फिल्टरसह सहा लिटरच्या आसपास. आपल्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये मी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष यापुढे जात नाही. इनटेकमधल्या स्वर्ल फ्लॅपची (आत जाणारी हवा घुसळणाऱ्या झडपेची) प्लॅस्टिकची दांडी निसटण्याची तक्रार या इंजिनांत नेहमीची आहे. इंजिनचा दिवा लागून ताकद कमी झाली तर महागड्या टर्बोवर संशय घेण्याआधी तीच बघा.

तुमच्या वापराचा प्रश्न येतो डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये. रोज कोथरूड ते डेक्कन एवढेच चालवणार असाल, तर डिझेल घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो. साठलेली काजळी जाळायला इंजिन सलग गरम राहावे लागते. छोट्या फेऱ्यांत ते काम अर्धवट राहते, जादा सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी वाढू लागते. गाडी बंद केल्यावर पंखा जोरात फिरत राहिला आणि गरम, जळका वास आला, तर काजळी जाळणे मध्येच तुटले असे समजा. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर एका लयीत चालवणे जमत असेल तर अडचण येत नाही.

गिअरबॉक्स जपानच्या आयसिनचा, सहा गिअरचा. त्याचे तेल कधीच बदलायचे नाही असे कुणी सांगितले तर ऐकू नका. ६०,००० किलोमीटरच्या आसपास बदला. एकूण सात लिटरच्या आसपास तेल बसते, ड्रेन केले की त्यातले निम्मेच निघते, म्हणून थोडे चालवून दुसऱ्यांदा बदलावे. चेसिस नंबरवरून जेडब्ल्यूएस ३३०९ प्रतीचे तेल लागते की नंतरचे एडब्ल्यू-१, ते काढा. दोन्ही एकमेकांत मिसळू नका.

हॅल्डेक्सचे दुखणे गुपचूप असते. त्याच्या पंपाची जाळी गाळाने तुंबते, मागच्या चाकांना ताकद मिळणे थांबते आणि अनेकदा डॅशबोर्डवर कसलीही सूचना येत नाही. तेल पाऊण लिटरच्या आतच लागते, पण नुसते तेल बदलून भागत नाही, पंप उतरवून जाळी धुवावी लागते. गाडी लिफ्टवर घेऊन मागची चाके फिरतात का बघा. चारही टायर एकाच मेकचे आणि जवळपास सारख्या झिजेचे ठेवा, दोन नवे-दोन जुने असे केले तर कपलिंगवर सतत ताण येतो. मागचे ब्रेक पॅड बदलताना इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये न टाकता पिस्टन दाबणारा मेकॅनिक असेल, तर त्याला हात लावू देऊ नका.

खर्चाचे म्हणाल तर पहिल्याच वर्षी किमतीच्या दहा-बारा टक्के रक्कम वेगळी काढून ठेवा: बेल्टचा पूर्ण संच, तेले, टायर, बॅटरी. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत मुख्य बॅटरीखेरीज एक छोटी बॅटरीही असते. ती दमली की असंबद्ध इलेक्ट्रिकल सूचना येऊ लागतात. पैशांइतकाच त्रास वाट बघण्याचा असतो. साधे फिल्टर लगेच मिळतात, पण एखादे मॉड्यूल किंवा बॉडीचा भाग यायला आठवडे लागू शकतात. घरात दुसरे वाहन नसेल तर हे गंभीरपणे धरा.

मुलीसाठी एक सांगतो. व्होल्वोचा सल्ला किमान चार वर्षांपर्यंत मूल मागे तोंड करून बसवण्याचा आहे. त्यानंतर बूस्टर. एक्ससी६० च्या काही गाड्यांत मागच्या सीटमधूनच उचलता येणारे दोन टप्प्यांचे बूस्टर असते: वरचा टप्पा १५ ते २५ किलोच्या मुलांना, खालचा २२ ते ३६ किलोच्या. या गाडीत ते आहे का, सीटचा पुढचा भाग उचलून बघा. आई मागे बसणार असतील तर त्यांनाही पट्टा लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. मागे पट्टा न लावलेला मोठा माणूस पुढच्या सीटवर, म्हणजे तुमच्यावर येऊन आदळतो.

आता नव्या गाडीशी तुलना. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे धडक चाचणी घेऊन गाड्यांना तारे देणारी व्यवस्था, सुरू झाली आहे, आणि तुमच्या बजेटमध्ये सहा एअरबॅग व पाच तारे असलेल्या टाटा नेक्सॉन, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ अशा गाड्या आहेत. वरच्या तपासणीत पूर्ण उतरलेली एक्ससी६० वजन, सांगाडा आणि सीट यांत त्यांच्यापेक्षा सरस आहे असे माझे मत. पण पिलरवर काम झालेली, एअरबॅगचा पत्ता नसलेली एक्ससी६० आणि नवी नेक्सॉन यांत मी नेक्सॉनच सुचवेन. महिन्याला ५०० किलोमीटरच्या आत, तेही सगळे शहरातले, असेल तरीही नवी पेट्रोल गाडी घ्या.

शेवटी कागद. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथल्या बऱ्याच महागड्या डिझेल गाड्या आपल्याकडे विकायला आल्या आहेत. गाडी बाहेरच्या राज्याची असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स किती बसेल हे आरटीओत आधी काढा, नाहीतर स्वस्त वाटलेली गाडी तिथेच महाग पडते. आरसीवर बँकेचा बोजा उतरला आहे का बघा. टोकन देताना पावतीवर एवढे लिहून घ्या, की अधिकृत वर्कशॉपच्या तपासणीत एअरबॅग, पट्टे किंवा सांगाड्यात दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत मिळेल. विकणारा यालाच तयार नसेल, तर तपासणीचे पैसेही घालवू नका.